पंखाखालची लहान जखम: कुत्र्याने पकडलेल्या कोंबडीवर घरी केलेले उपचार

पार्श्वभूमी

तांबी ही दोन वर्षांची, अंडी देणारी कोंबडी. घरात आई, वडील, शाळेत जाणारी मुलगी आणि अंगणात पाच कोंबड्या, कोंबडा नाही. माणसांची नावं, ठिकाण आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. घटनाक्रम घरच्यांनी ठेवलेल्या वहीतून आणि त्या काळात आमच्या होत असलेल्या बोलण्यातून घेतला आहे. कोंबड्या पाळणाऱ्यांना त्यांच्या आजारपणात मी मदत करते, पण मी पशुवैद्य नाही. या प्रकरणातले औषधांचे निर्णय डॉक्टरांचे आहेत आणि ते त्यांचेच असायला हवेत.

हे प्रकरण लिहायला घेतलं याचं कारण म्हणजे तांबीला एकाच वेळी दोन जखमा झाल्या होत्या. पाठीवरची मोठी आणि ओंगळ होती, पाहून पोटात गोळा यावा अशी. पंखाखालची वाटाण्याएवढीही नव्हती. सगळं लक्ष पाठीकडे गेलं आणि जिवावर बेतलं ते पंखाखालच्या भोकामुळे. कोंबडीची जखम घरी सांभाळता येईल का, हे ठरवताना बहुतेक माणसं जखमेचा आकार बघतात. मला वाटतं, आधी कोंबडीचं खाणं, शिट आणि वजन बघावं, मग जखमेकडे वळावं. ते का, हे या घटनाक्रमात दिसेल.

काय घडलं

एका संध्याकाळी शेजारचा कुत्रा अंगणात शिरला आणि त्याने तांबीला पाठीवरून तोंडात धरलं. आरडाओरडा झाल्यावर त्याने तिला सोडलं. अंगणात पिसांचा ढीग पडला, पण रक्त दिसलं नाही. तांबी धडपडत उठली, कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि थोड्या वेळाने तिने दाणेही टिपले. घरच्यांनी तिला उचलून वरवर पाहिलं, वाचली म्हणून हायसं वाटलं आणि तिला खुराड्यात सोडलं.

साधारण दोन दिवसांनी मुलीच्या लक्षात आलं की बाकीच्या कोंबड्या तांबीच्या पाठीवर चोची मारत आहेत. तांबी पिसं फुलवून, शेपूट खाली टाकून एकटी उभी होती. आईने पाठीवरची पिसं बाजूला केली, तेव्हा वास आला. शेपटीच्या थोडं वर तळहाताच्या निम्म्या आकाराची कातडी फाटली होती. कडा सुकून आत वळल्या होत्या, मध्ये पिवळट चिकट थर आणि त्यात अडकलेली पिसं. भोवतालची कातडी हिरवीगार.

जखम दोन दिवस कशी दिसली नाही, याचं नवल वाटू देऊ नका. पिसं जखम झाकतात आणि रक्तही शोषून घेतात. शिवाय कोंबडी आजारपण लपवते. कळपात अशक्त दिसली की बाकीच्या तिला टोचतात, म्हणून चालता येतं तोवर ती चालते आणि खाण्याचं सोंगही करते. चोच दाण्याला लागते पण पोटात काही जात नाही. ते ओळखायचं असेल तर रात्री गळ्याखालची अन्नपिशवी चाचपावी. दिवसभर खाल्लेल्या कोंबडीची ती भरलेली लागते, सकाळी रिकामी झालेली असते. तांबीची त्या संध्याकाळी जवळपास रिकामीच होती.

घरच्यांसमोरचे पर्याय

पर्याय चार होते. जखम नुसती धुऊन निसर्गावर सोपवायची. घरीच पूर्ण उपचार करायचे. डॉक्टरांकडे न्यायचं. किंवा हाल होत असतील तर तिला वेदनारहित मरण द्यायला डॉक्टरांना सांगायचं. शेवटचा पर्याय वडिलांनी काढला आणि तो प्रेमापोटीच काढला होता. जखम पाहून कोणालाही तसंच वाटलं असतं. पण पक्ष्यांची कातडी पातळ आणि खालच्या मांसावर सैल असते, ती आक्रसत लवकर भरून येते. पाठीवरचं मोठं चट्ट्यासारखं उघडं मांस पाहून कोंबडीची आशा सोडायची गरज बहुतेक वेळा नसते. आत किती खोल गेलं आहे, यावर खरं अवलंबून असतं.

डॉक्टर त्या संध्याकाळी दुसरीकडे होते, फोनवर भेटले. आईने मला नंतर ते बोलणं सांगितलं.

"डॉक्टर, पाठ पूर्ण सडलीय हो. कातडी हिरवी पडलीय."

"ताई, जखमेचं नंतर बघू. कोंबडी कशी आहे? उभी राहते का? श्वास घेताना चोच उघडते का? शिट कशी आहे?"

"उभी आहे. चोच मिटलेली आहे. शिट हिरवी, पाण्यासारखी पडतेय."

"ती हिरवी शिट उपाशी असल्यामुळे. पोटात खाणं नसलं की नुसतं पित्त पडतं. आणि कातडीचा हिरवा रंग म्हणजे सडणं नव्हे, तो मुका मार आहे."

हा हिरवा रंग अनेकांना घाबरवतो, म्हणून इथे थांबते. माणसाला मार लागला की साकळलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोडतं, आधी त्याचं हिरवं बिलिव्हर्डिन बनतं आणि मग त्याचं पिवळं बिलिरुबिन. पक्ष्यांकडे या दुसऱ्या टप्प्याचं विकर (एन्झाइम) नसल्यासारखंच असतं. त्यामुळे कोंबडीच्या अंगावरचा मुका मार एक-दोन दिवसांत हिरवा होतो आणि पुढच्या काही दिवसांत फिकट होत जातो. मेलेली कातडी वेगळी दिसते. ती काळपट आणि कोरडी, चामड्यासारखी होते किंवा ओली होऊन घाण वास मारते, आणि बोटाला गार लागते. तांबीची हिरवी कातडी ऊबदार आणि मऊ होती. वास येत होता तो मधल्या थराला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट विचारली. जखमेभोवतीची कातडी बोटाने हलकेच दाबली तर आत हवेचे बुडबुडे चुरचुरल्यासारखं लागतं का? पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडलेले वायुकोश छातीपोटात आणि काही हाडांतही पसरलेले असतात. दात आत रुतून वायुकोश फुटला तर हवा कातडीखाली येते. अशा जखमेत पिचकारीने पाणी सोडलं तर ते थेट श्वसनमार्गात जाऊ शकतं. जखम धुणं हा घरगुती उपचारांतला सगळ्यात मोलाचा भाग आहे, आणि हीच एक स्थिती अशी आहे की जिथे तो जीव घेऊ शकतो. आईने पाठ दाबून पाहिली. चुरचुर नव्हती.

"आत्ता धुऊन घ्या, ऊब द्या, आणि उद्या सकाळी घेऊन या," असं सांगून डॉक्टरांनी फोन ठेवला.

पहिल्या रात्रीचे उपचार

उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. शरीरातल्या द्रवाइतकंच खारट असलेलं हे पाणी मांसाला झोंबत नाही. पाणी कोमट हवं, कारण कोंबडीच्या शरीराचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असतं आणि आजारी पक्षी ओला आणि गार झाला की झपाट्याने खचतो. पोव्हिडोन आयोडीनची बाटली घरात होती. तिचा जाड तपकिरी द्रव तसाच ओतायचा नसतो. पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाइतका पातळ करायचा. वडिलांनी हायड्रोजन पेरॉक्साइडही काढून ठेवलं होतं. ते फसफसतं तेव्हा जखम साफ होतेय असं वाटतं, पण भरून येणाऱ्या ताज्या पेशीही त्याने मरतात. ते बाजूला ठेवलं.

कोंबडीला धरणं हे एक वेगळंच कौशल्य आहे. वडिलांनी तिला टॉवेलमध्ये पंख मिटलेल्या स्थितीत गुंडाळलं, डोकं टॉवेलच्या टोकाने झाकलं, छाती मोकळी ठेवली. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचं हाड खालीवर झालं तरच हवा आत-बाहेर होते, म्हणून छातीभोवती घट्ट पकडलेली कोंबडी हातातच गुदमरू शकते. डोळे झाकले की ती शांत होते. त्यांनी तिला पाठीवर उताणं केलं नाही, हेही बरोबर झालं.

जखमेच्या कडेची पिसं उपटायची की कापायची यावर मुलीने मला फोन केला. उपटलेलं पीस काही आठवड्यांत पुन्हा येतं, कापलेलं मात्र पुढच्या पिसं झडण्यापर्यंत तसंच राहतं. तरीही जखमेलगत कापणंच योग्य, कारण उपटताना पातळ कातडी आणखी फाटते. फक्त नव्याने उगवणाऱ्या, मुळाशी निळसर दिसणाऱ्या पिसांना हात लावायचा नाही. त्यांत रक्त वाहत असतं आणि कापलं की भळभळतं.

मग बिनसुईच्या सिरिंजने, हलक्या दाबाने, बराच वेळ पाणी सोडलं. पिवळा थर एकदम निघेना. तो ओढून काढायचा नाही, ओल्या गॉजखाली मऊ होऊ द्यायचा. थर सुटला तेव्हा खाली लाल, जिवंत मांस दिसलं. माशांची अंडी आहेत का, हेही टॉर्चने पाहिलं. ती पांढरट तांदळाच्या कणीसारखी गुच्छाने चिकटलेली असतात, आणि उबेत एका दिवसाच्या आत त्यातून अळ्या बाहेर पडू शकतात. सुदैवाने नव्हती. शेवटी पातळ आयोडीनने धुतलं आणि भोवतीची पिसं कोरडी केली.

शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला टोकदार उंचवटा दिसला आणि आईला ती पूची गाठ वाटली. ती कोंबडीची तेलग्रंथी, हिच्यातलं तेल चोचीने घेऊन ती पिसांना लावते. ती दाबून फोडायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून नोंदवते.

रात्री तांबीला घरात मोठ्या खोक्यात ठेवलं. खाली भुसा न घालता स्वच्छ कापड, वरून माशा येऊ नयेत म्हणून बारीक जाळी, समोर पाणी आणि पाण्यात भिजवलेलं नेहमीचं खाद्य. बाकीच्यांपासून वेगळं करणं इथे औषधाइतकंच गरजेचं होतं. लाल मांस दिसलं की कोंबड्या टोचत राहतात, आणि एकदा चटक लागली की थांबत नाहीत.

पहिला वळणबिंदू: डॉक्टरकडे जाणं पुढे ढकललं

सकाळी तांबीने खोक्यातलं ओलं खाद्य खाल्लं. पिसं बसलेली होती, डोळे तरतरीत. जखमेला वास नव्हता. घरच्यांनी ठरवलं की प्रवासाचा ताण कशाला, घरीच चांगलं चाललंय.

हा निर्णय मला समजतो. प्रवासाने कोंबडीला ताण येतो हे खरं, आणि आदल्या रात्रीच्या मानाने ती खरोखर बरी दिसत होती. पण ऊब, पाणी, शांतता आणि टोचणाऱ्यांपासून सुटका एवढ्यानेही एका रात्रीत कोंबडी बरी दिसू लागते. चावलेल्या जखमेचा हिशोब वेगळा असतो. कुत्र्याच्या दाताने कातडीला पडलेलं भोक लहान असतं, पण त्याच्या तोंडातले जंतू खोलवर पेरले जातात आणि आजूबाजूचं मांस चिरडलेलं असतं. वरचं भोक मिटतं, आतलं कोंडतं. चावा असेल तर कोंबडी कितीही बरी दिसो, डॉक्टरांनी ती पहिल्या दिवशीच पाहावी, या मतावर मी ठाम आहे.

त्याच दिवशी एक चांगला निर्णयही झाला. वडिलांनी घरात शिल्लक राहिलेली त्वचेच्या मलमाची ट्यूब आणली होती, माणसांच्या खाजेसाठी लिहून दिलेली. मुलीने घटक वाचले आणि त्यात स्टेरॉइड निघालं. पक्षी स्टेरॉइडला फार संवेदनशील असतात. कातडीवर लावलेलंही अंगात शोषलं जातं आणि जंतूंशी लढण्याची ताकद घटते. ट्यूब कपाटात परत गेली. तेलकट मलमांचा आणखी एक तोटा म्हणजे पिसं चिकटतात आणि ऊब धरून ठेवण्याचं त्यांचं काम थांबतं. वेदना बधिर करणाऱ्या मलमांपासूनही डॉक्टरांनी दूर राहायला सांगितलं, कारण त्यातली काही द्रव्यं पक्ष्यांना लहान मात्रेतही घातक ठरू शकतात. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या चुरून पाण्यात घालायचा विचारही निघाला होता, तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको म्हणून थांबला. आजारी कोंबडी पाणी कमी पिते, त्यामुळे पाण्यातून औषधाची मात्रा पोटात किती जाते ते कळत नाही. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात.

पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याने धुणं चालू राहिलं. आयोडीन सुरुवातीला वापरलं आणि लाल दाणेदार मांस भरू लागल्यावर बंद केलं, कारण तेव्हा ते नव्या पेशींनाच जाचतं. पाठीची जखम आक्रसू लागली. हिरवा रंग फिका होत गेला. घरात सगळे खूश होते.

दुसरा वळणबिंदू: वही काय सांगत होती

मुलीने शाळेच्या वहीत रोज तीन गोष्टी लिहायला घेतल्या होत्या. सकाळी अन्नपिशवी रिकामी असताना वजन, शिटेचा रंग आणि घट्टपणा, रात्री अन्नपिशवी किती भरली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून वजन करायची.

जखम सुधारत होती आणि वजन मात्र घटत होतं. रोजची घट इतकी थोडी की एका दिवसाकडे पाहिलं तर काट्याची चूक वाटावी. पण ओळीने पाहिलं तर आकडा एकदाही वर गेला नव्हता. पक्ष्याचं वजन दहाव्या हिश्शाने घटलं तर ते गंभीर मानतात, आणि तांबी त्या रेषेकडे चालली होती. पिसांमुळे नुसत्या डोळ्यांना कोंबडी बारीक झालेली कळत नाही. छातीचं हाड बोटांना धारदार लागू लागतं, तेही उशिरा.

मुलीने विचारलं, "पाठ बरी होतेय, मग ही वाळतेय का?" मी तिला कोंबडी पुन्हा पूर्ण तपासायला सांगितलं, पाठ सोडून बाकी सगळी. पिसांवर फुंकर मारत कातडीचा प्रत्येक भाग पाहायचा, पंख उघडून काखा, मांड्यांची आतली बाजू, शेपटीखालचं गुदद्वार.

डाव्या पंखाखाली, छातीच्या कडेला एक खपली होती आणि तिच्याखाली सुपारीएवढी टणक गाठ. कुत्र्याचा वरचा जबडा पाठीवर बसला होता. खालच्या जबड्याचा एक दात इथे रुतला होता.

तिसरा वळणबिंदू: गाठ घरी फोडायची का

आईचा पहिला विचार शेकून गाठ पिकू द्यायची आणि मग पू दाबून काढायचा. माणसाच्या गळवाला हे चालतं. कोंबडीच्या गाठीला नाही. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत, माणसाच्या पेशींत असतात तशी पू पातळ करणारी काही विकरं नसतात, त्यामुळे त्यांचा पू वाहत नाही. तो घट्ट, पिवळा, पनीरच्या चुऱ्यासारखा गोळा बनून बसतो. कितीही शेकलं तरी तो पिकून फुटत नाही आणि दाबला तर आजूबाजूच्या मांसात पसरतो. त्याला रक्तपुरवठा नसल्यामुळे अँटिबायोटिकही आतपर्यंत नीट पोचत नाही. तो गोळा बाहेर काढावाच लागतो.

पायाच्या तळव्यावरची गाठ काही अनुभवी माणसं घरी काढतात. त्याबद्दलही माझ्या मनात शंका आहेत, पण इथे तर प्रश्नच नव्हता. गाठ छातीच्या भिंतीला लागून होती. आत वायुकोश, बरगड्या, मोठ्या रक्तवाहिन्या, आणि भोक किती खोल गेलंय हे घरी कळायला मार्ग नव्हता. शिवाय भूल आणि वेदनाशामक न देता जिवंत प्राण्याच्या छातीला चीर द्यायची, हे मला कोणत्याही कारणासाठी मान्य होत नाही. घरच्यांनाही ते पटलं. त्याच दिवशी तांबीला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासून भूल दिली, लहान चीर देऊन पिवळा टणक गोळा त्याच्या आवरणासकट काढला आणि आतली पोकळी छातीच्या आत उघडत नाही याची खात्री केली. जखम शिवली नाही. जंतू असलेली जखम शिवून बंद केली तर संसर्ग आतच कोंडला जातो, म्हणून तळापासून भरत येण्यासाठी ती उघडी ठेवली. अँटिबायोटिक आणि वेदनाशामक डॉक्टरांनी वजनावरून मोजून दिलं, थेट चोचीतून द्यायचं.

तिथेच अंड्यांचा विषय निघाला. औषध चालू असताना आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या पुढच्या मुदतीपर्यंत तांबीची अंडी खायची नाहीत, दुसऱ्यांनाही द्यायची नाहीत. कोंबडी घरात लाडाची असली तरी अंडी देणारा पक्षी हा अन्न देणाऱ्या प्राण्यांत मोडतो, आणि त्याला कोणतं औषध चालतं याचे नियम त्यामुळे कडक असतात. उघडी जखम टोचली जाऊ नये म्हणून वर जांभळं औषध लावू का, असं वडिलांनी विचारलं होतं. डॉक्टर नको म्हणाले. जेंशन व्हायोलेट अन्न देणाऱ्या प्राण्यांत अनेक देशांत वर्ज्य आहे, आणि तांबी वेगळीच ठेवलेली असल्यामुळे त्याची गरजही नव्हती.

निष्पत्ती

पोकळी आत उघडत नाही हे डॉक्टरांनी पाहिलेलं असल्यामुळे घरी ती मिठाच्या पाण्याने निर्धास्तपणे धुता आली. काही दिवस वजन स्थिर राहिलं, मग चढू लागलं. वहीत पहिल्यांदा वाढलेला आकडा आला तेव्हा मुलीने त्याभोवती गोल काढून मला फोटो पाठवला. शिटेला नेहमीचा घट्टपणा आणि वरचा पांढरा भाग परत आला. पोकळी तळापासून भरली. पाठीवरची खपली आपोआप सुटली तेव्हा खाली गुलाबी कातडी होती आणि तिच्यातून पिसांचे कोंब डोकावत होते.

खुराड्यात परत सोडण्याची घाई केली नाही. सुधारणा सुरू झाल्यापासून तिचा पिंजरा दिवसा बाकीच्यांच्या शेजारी, जाळीपलीकडे ठेवत होते. कोंबड्यांची टोचण्याची उतरंड फार पक्की असते. बरेच दिवस दिसेनाशी झालेली कोंबडी परत आली की बाकीच्यांना ती परकी वाटते आणि तिला खालच्या पायरीपासून पुन्हा लढावं लागतं. नजरेसमोर राहिली तर हा त्रास बराच कमी होतो. गुलाबी कातडी पिसांनी झाकली गेल्यावर तिला अंधार पडताना दांडीवर बाकीच्यांसोबत बसवलं. सकाळी थोडी चोचाचोची झाली, रक्त आलं नाही. अंडी द्यायला तिने बराच वेळ घेतला. डाव्या पंखाखालची कातडी थोडी आवळलेली आहे, पंख पूर्ण उघडत नाही. अंगणात फिरायला, धूळस्नान करायला तिची अडचण होत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या संध्याकाळची तपासणी. कुत्र्याने किंवा मांजराने तोंडात धरलेल्या पक्ष्याला रक्त दिसत नसलं तरी जखम आहे असंच धरून चालावं. वरून दात लागला तर खालूनही लागलेला असतो, म्हणून एका बाजूला खूण सापडली की समोरची बाजू शोधायची. पिसं ओल्या कापसाने बाजूला करत गेलं तर भोकं लवकर दिसतात. फोनवर पाठीबद्दल विचारलेली चुरचुर पंखाखालीही पाहायला हवी होती.

सकाळी डॉक्टरांकडे गेले असते तर गाठ झालीच नसती का? डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं की चाव्याच्या जखमेत अँटिबायोटिक लवकर सुरू झालं असतं तर गाठ टळण्याची शक्यता बरीच होती, खात्री देता येणार नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांच्या हातांना ते दुसरं भोक पहिल्याच दिवशी सापडलं असतं.

हातमोजे पहिल्या रात्री कोणी घातले नव्हते. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या शिटेतही साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे माणसाचं पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. जखम हाताळल्यावर साबणाने हात धुणं आणि वजनाची टोपली स्वयंपाकघरात परत न नेणं हे घरच्यांनी नंतर पाळलं. काटाही वेगळा घेतला.

वजन मात्र रोगाची चाहूल लागण्याआधीपासून ठाऊक असतं तर बरं झालं असतं. तांबीचं नेहमीचं वजन कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे पहिल्या रात्रीपर्यंत ती किती घटली होती ते कळलं नाही. आता मुलगी पाचही कोंबड्यांचं वजन महिन्यातून एकदा करते, आणि त्याच वेळी पंखाखाली आणि पायाच्या तळव्यांना हात फिरवते.

एका बाबतीत घरच्यांशी माझं अजून एकमत नाही. त्यांना वाटतं, पुन्हा अशी वेळ आली तर पहिली रात्र घरी आणि सकाळी डॉक्टर, हाच क्रम ठेवावा. पाठीसारख्या वरवरच्या, उघड्या जखमेला मी तो मान्य करते. चोच उघडून श्वास, कातडीखाली चुरचुर, अळ्या, हाड दिसणं, गुदद्वाराजवळची जखम, पूर्ण दिवस काही न खाणं, यातलं एक जरी असेल तर सकाळची वाट पाहू नये, रात्री भेटेल त्या डॉक्टरांना गाठावं.

प्रथमोपचाराच्या डब्यात त्यांनी ठेवलेल्या वस्तू अशा: सलाईनची बाटली, बिनसुईच्या सिरिंज, गॉज, पोव्हिडोन आयोडीन, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, टॉर्च, जुना टॉवेल आणि बारीक जाळीचा तुकडा. झाकणाच्या आत डॉक्टरांचा आणि त्यांच्या अनुपस्थितीत भेटणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर चिकटवला आहे. मलमाची एकही ट्यूब त्यात नाही.